दगडाने प्यालेला मध

केळना नदीच्या काठचे भोकरदन एके काळी भोगवर्धन होते. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या नावांसोबत या गावाचे नावही कोरलेले आहे. नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी १९७३ साली येथे उत्खनन केले, आणि शां. भा. देव व आर. एस. गुप्ते यांचा अहवाल पुढच्याच वर्षी छापून आला. (तेव्हा हे गाव औरंगाबाद जिल्ह्यात होते, जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला.) उत्खननात निघालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा फार बोलबाला झाला, कारण तिची बहीण शोभेल अशी मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेतून निघाली होती. तिच्या तेजापुढे सातवाहनकाळातल्या मण्यांकडे कुणाचे फारसे लक्ष जात नाही. अकीक आणि त्याच कुळातला तांबूस कार्नेलियन यांचे हे मणी. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविकाच्या ‘पेरिप्लस’ या टिपणात पैठणहून गाड्यांवर लादून भडोचला जाणाऱ्या मालात अकीकाच्याच जातीच्या पट्टेदार दगडाचा मुद्दाम उल्लेख आहे. पैठण ते उज्जैन या वाटेवर भोगवर्धन होते. दख्खनच्या काळ्या पाषाणात लाव्हा थिजताना वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या, त्यांत सिलिका विरघळलेले पाणी झिरपत गेले आणि थरावर थर बसून गारगोट्या, अकीक, झिओलाइट असा सगळा खजिना तयार झाला. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या नांगराला तो अजूनही लागतो.

या दगडाची एक खोड फार जुन्या काळापासून ठाऊक आहे: तो पितो. हाताला काचेसारखा गुळगुळीत लागणारा अकीक मधात उकळला की त्याला झळाळी येते, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. पुढे जर्मन कारागिरांनी मध किंवा साखरेच्या पाकात मुरवलेला दगड गंधकाम्लात घालून त्याचे पट्टे काळेभोर करण्याची रीत पक्की केली, कारण दगडाच्या पोटात शिरलेली साखर आम्लाने जळून कोळसा होते. गंमत अशी की सगळे पट्टे सारखे काळे होत नाहीत. काही पट्टे भरपूर पितात, काही कोरडेच राहतात. कार्नेलियन भाजल्यावर लाल होतो त्यामागेही हेच आहे: सूक्ष्म छिद्रांत अडकलेले लोहाचे सजल ऑक्साइड पाणी सोडते आणि तांबडे होते. भोकरदनच्या कारागिराला ज्या भूमितीची गोष्ट पुढे येणार आहे ती आधीच कळली होती, असे येथे मुळीच म्हणायचे नाही; तसल्या अभिमानाने त्याचाही मान वाढत नाही आणि भूमितीचाही. मात्र त्याच्या हातातल्या वस्तूने एक प्रश्न निश्चित उभा केला होता, आणि रसायनशास्त्राने तो पुढे दोन हजार वर्षे बाजूला ठेवला. गुळगुळीत दिसणाऱ्या, तरी आतून पिणाऱ्या या दगडाचा पृष्ठभाग नेमका किती?

१९७५ ते १९९८ या काळात फ्रॅक्टल, म्हणजे मोडक्या-वाकड्या आकारांची, भूमिती रसायनशास्त्रात आली, गाजली आणि मग तिची झाडाझडती झाली. तो इतिहास बहुधा निसर्गाची खरी भूमिती सापडल्याचा विजयसोहळा म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तो तसा सांगणे चूक आहे. या भूमितीने रसायनशास्त्राला निसर्गाचे चित्र दिले असेल-नसेल. तिने खरे काम केले ते दोन निमूट गृहीतकांना बोलते करण्याचे. पदार्थाला ठरावीक पृष्ठफळ असते हे एक, आणि अभिक्रियेच्या वेगाचा स्थिरांक स्थिर असतो हे दुसरे. जिथे हे प्रश्न विचारले गेले तिथे ती टिकली. जिथे मितीचा नुसता अपूर्णांकातला आकडा काढून मिरवला गेला तिथे ती विरली.

पहिल्या गृहीतकाची मुळे १९३८ सालात आहेत. ब्रुनॉर, एमेट आणि टेलर या तिघांनी घन पदार्थाचे पृष्ठफळ मोजण्याची जी रीत घालून दिली ती आजही प्रयोगशाळांत रोज वापरली जाते. पदार्थ खूप थंड करायचा, त्यावर नायट्रोजन सोडायचा, आणि रेणूंचा एक थर बसायला किती नायट्रोजन लागला ते पाहायचे. एक रेणू ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा अडवतो असे धरून गुणाकार केला की पृष्ठफळ आले. नव्या चपलांच्या खोक्यात दमटपणा शोषायला ठेवलेल्या पुडीतले सिलिका जेल या हिशेबाने दर ग्रॅमला शेकडो चौरस मीटर भरते. आकडा थक्क करणारा आहे, पण तो नायट्रोजनच्या मापाने काढलेला आहे. मोठा रेणू मोजपट्टी म्हणून घेतला तर अरुंद फटींत तो शिरणार नाही आणि उत्तर कमी येईल. हे सगळ्यांना माहीत होते, पण ते मोजणीतले न्यून समजले जात होते.

ते न्यून नसून पदार्थाविषयीची माहितीच आहे, ही कलाटणी बेन्वा मँडेलब्रॉट यांच्यामुळे मिळाली. ब्रिटनच्या किनाऱ्याची लांबी मोजपट्टीवर अवलंबून असते असे त्यांनी १९६७ मध्ये लिहिले, आणि १९७५ साली ‘मोडलेला’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘फ्रॅक्टल’ हे नाव पाडले. आपल्याकडे याचा पुरावा अगदी अलीकडे सरकारी कागदावरच आला आहे. भारताचा किनारा अनेक दशके ७,५१६ किलोमीटर धरला जात होता. नकाशाचे माप अधिक बारीक घेऊन फेरमोजणी केल्यावर तो ११,०९८ किलोमीटर भरला. समुद्राने एवढी जमीन दिलेली नाही. खाड्या, वळणे, भाट्या पट्टीत आल्या इतकेच. माप बारीक केल्यावर लांबी कोणत्या दराने वाढते तो दर हाच किनाऱ्याचा खरा गुणधर्म. सरळ रेषेची मिती १ आणि सपाटीची २ असेल, तर अशा वाकड्या रेषेची मिती मधला एखादा अपूर्णांक असते.

हाच विचार डेव्हिड अवनीर, दिना फारिन आणि पीटर फायफर यांनी १९८३-८४ मध्ये रेणूंच्या पातळीवर आणला. त्यांची युक्ती साधी होती: एकच पदार्थ घ्या आणि तो लहानमोठ्या अनेक रेणूंनी झाकून पाहा. पृष्ठभाग सपाट असेल तर दुप्पट जागा अडवणारे रेणू निम्मे लागतील. पृष्ठभाग इतका चुरगळलेला असेल की त्याची मिती जवळजवळ ३ व्हावी, तर दुप्पट मोठे रेणू निम्म्याहूनही कमी, सुमारे ३५ टक्केच बसतील, आणि त्यांच्या मापाने काढलेले पृष्ठफळ तीसेक टक्क्यांनी घटेल. तपासल्यावर ग्राफाइटसारख्या काही पदार्थांची मिती २ च्या आसपास आली आणि सिलिका जेलची ३ च्या अगदी जवळ. मग ‘या भुकटीचे पृष्ठफळ किती’ या प्रश्नाला एका आकड्याचे उत्तर अपुरे ठरू लागले. कोणत्या रेणूसाठी, हे आधी विचारावे लागू लागले. रंग, औषध, इंधन यांचे मोठे रेणू हाताळणाऱ्याला हा फरक शब्दच्छलाचा वाटत नाही. नायट्रोजनला मिळालेली जागा त्याच्या रेणूला मिळणारच नसते.

वाढीच्या प्रश्नात हे प्रकरण अधिक रंगले. १८९६ साली राफाएल लीझेगांग या छायाचित्रण-रसायनज्ञाने जेलमध्ये क्षार पसरताना, म्हणजे त्यांचे विसरण होताना, आपोआप उठणारी वलये दाखवली, आणि १९१५ मध्ये अकीकावर एक पुस्तकच लिहून त्याचे पट्टे असेच पडतात असा दावा केला. नंतरच्या भूवैज्ञानिकांना तो पुरता पटला नाही. तरी दगडातली नक्षी ही विसरणाची लिपी असू शकते, ही दृष्टी त्याची. शेवाळी अकीकात याहून विलक्षण काही दिसते. दगडाच्या आत जणू शेवाळ, नेचे, पानझडीतली झाडे. जीवाश्मच वाटावा, पण तिथे वनस्पतीचा अंशही नसतो. ती मँगनीज आणि लोहाच्या ऑक्साइडांची वाढ असते. अशी फांद्यांची रचना का होते याचे सर्वांत सोपे उत्तर टॉम विटेन आणि लेन सँडर यांनी १९८१ मध्ये संगणकावर दिले. मध्यभागी एक कण ठेवायचा, दुरून दुसरा कण दारुड्यासारखा भरकटत यायचा आणि टेकला की चिकटायचा, मग तिसरा. एवढाच नियम. जी टोके थोडी पुढे आली असतील त्यांना येणारा कण आधी सापडतो, म्हणून ती आणखी पुढे जातात, आणि आतल्या कोपऱ्यांत काही पोचतच नाही. यातून निघालेल्या झाडाची सपाटीवरची मिती सुमारे १.७१ येते. १९८४ मध्ये जपानचे मित्सुगु मात्सुशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्रावणाच्या पृष्ठालगत वीज सोडून जस्ताची पाने वाढवली, तेव्हा मिती आली १.६६. त्याच वर्षी ब्रेडी आणि बॉल यांनी तांब्याच्या त्रिमितीय वाढीसाठी २.४३ काढली, संगणकाचा आकडा २.५ होता.

आकडे जुळले म्हणून कारणही जुळले असे होत नाही, हे येथेच सांगून ठेवायला हवे. पण याच दशकात एक प्रयोगमालिका अशी झाली की तिने हा संशय बराच दूर केला. दिव्यावर धरलेल्या वाटीत काजळी धरते ती सुट्या कणांची नसते, कणांच्या विरळ, पिसाऱ्यासारख्या गुच्छांची असते. फॉरेस्ट आणि विटेन यांनी १९७९ मध्ये धातूच्या धुराच्या अशा गुच्छांत अपूर्णांक मिती दाखवली. १९८४ मध्ये वाइट्झ आणि ऑलिवेरिया यांनी सोन्याच्या कलिलातल्या, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या, गुच्छांसाठी १.७५ काढली. १९८९ मध्ये सोने, सिलिका आणि पॉलिस्टायरीन अशी एकमेकांशी रसायनदृष्ट्या काडीचा संबंध नसलेली तीन कलिले शेजारी शेजारी ठेवून तपासली गेली. पहिल्याच भेटीत कण चिकटत असतील तर तिन्हींची मिती सुमारे १.८, पुष्कळदा आपटून मग एकदा चिकटत असतील तर तिन्हींची २.१ च्या आसपास. दुसऱ्या रीतीत गुच्छांना एकमेकांच्या फांद्यांत आतवर घुसायला सवड मिळते, म्हणून गुच्छ दाट होतो. पदार्थ बदलला तरी आकडा बदलत नाही, प्रक्रिया बदलली की बदलतो. एखादा आकडा अर्थपूर्ण आहे की नाही याची याहून चांगली कसोटी मला दिसत नाही. शेवाळी अकीकासारख्या खनिज-झाडांकडे शोपार, हेरमान आणि विचेक १९९१ मध्ये वळले तेव्हा त्यांनीही नुसते कण भरकटवले नाहीत. द्रव्यांचे विसरण आणि त्यांची आपसांतली अभिक्रिया दोन्ही प्रारूपात घेतली.

दुसऱ्या गृहीतकाची कहाणी महाराष्ट्राला जवळची आहे, जरी तिची सुरुवात अमेरिकेत झाली. १९७७ मध्ये कॅलटेकमध्ये पीएचडीसाठी काम करणाऱ्या दीपक धर यांनी प्रभावी मिती पूर्णांक नसलेल्या जाळ्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, तिथेच त्यांची कारकीर्द घडली, आणि २०२२ मध्ये बोल्ट्झमन पदक मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. जाळे कसे दिसते यापेक्षा त्यावर हालचाल कशी होते यावरून ठरणारी मिती वेगळी असते, हा विचार त्या निबंधात होता. अलेक्झांडर आणि ऑरबाख यांनी १९८२ मध्ये त्याला जोर दिला: तुटक्या, जेमतेम जोडलेल्या जाळ्यांवर ही हालचालीची मिती ४/३ च्या जवळपास येते. रसायनशास्त्राशी याचा संबंध काय, ते मिशिगन विद्यापीठाचे राऊल कोपेलमन यांनी १९८८ मध्ये मांडले. गुल्डबर्ग आणि वागे यांच्या १८६४ पासूनच्या वस्तुमानक्रियेच्या नियमात भांडे नीट ढवळलेले आहे हे न बोलता धरलेले असते. ढवळलेल्या भांड्यात जवळचे भिडू संपले तरी दुसरे येतात. पण वाटा अरुंद, वाकड्या, बंद गल्ल्यांच्या असतील तर भरकटणारा कण पुन्हा पुन्हा जुन्याच जागी येतो. जवळचे भिडू एकमेकांत संपतात, लांबचे भेटत नाहीत. मग वेगाचा ‘स्थिरांक’ वेळेबरोबर घटत जातो. तुटक्या जाळ्यावर तो वेळेच्या साधारण घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, आणि दोन सारख्या कणांच्या अभिक्रियेची कोटी पाठ्यपुस्तकातल्या दोनऐवजी अडीच येते. डांबरगोळ्यांतल्या नॅप्थॅलीनच्या मिश्र स्फटिकांत ऊर्जेची पुडकी रेणूवरून रेणूवर उड्या मारत एकमेकांना कशी संपवतात ते मोजून कोपेलमन यांच्या गटाने हे पडताळले. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत भक्कम वाटणारा भाग हाच आहे. त्यात चित्र नाही, भाकीत आहे.

आता आक्षेपांकडे. सर्वांत जड आक्षेप घरातूनच आला. सिलिका जेलची मिती काढणारे, १९८९ मध्ये या विषयावरचा जाडजूड ग्रंथ संपादित करणारे तेच अवनीर १९९८ मध्ये तीन सहकाऱ्यांसह ‘सायन्स’मध्ये विचारते झाले की निसर्गाची भूमिती खरोखर फ्रॅक्टल आहे का. ‘फिजिकल रिव्ह्यू’च्या नियतकालिकांतले १९९० ते १९९६ मधले ९६ प्रायोगिक निबंध त्यांनी चाळले. गणितातला फ्रॅक्टल सर्व मापांवर सारखा दिसतो. या निबंधांतली सारखेपणाची कक्षा सरासरी १.३ दशके, म्हणजे सर्वांत लहान मापापासून सर्वांत मोठ्यापर्यंत वीसेक पट भरली. वीस पटींत लॉगच्या कागदावर बऱ्याच गोष्टी सरळ रेषेत बसतात. मँडेलब्रॉट यांनी त्याच वर्षी तिथेच प्रतिवाद केला. स्वतःच्या कीर्तीच्या पायाखालची माती स्वतः उकरून पाहणारे संशोधक फार नसतात, हे अवनीर यांच्याबद्दल जाता जाता म्हणायला हवे.

आक्षेप खरा आहे, आणि तो मान्य करूनही माझा मुद्दा ढळत नाही. रेणूहून लहान मापाला रसायनशास्त्रात अर्थ नाही आणि कणाहून मोठ्या मापाला त्याच कणाविषयी बोलता येत नाही. कक्षा अरुंद असणे हा त्या पदार्थाचा स्वभाव आहे, मोजणाऱ्याचा आळस नव्हे. मात्र यातून एक बंधन येते. एका सरळ रेषेवरून फ्रॅक्टल ठरवू नये, दुसरा स्वतंत्र पुरावा हवा. सोने-सिलिका-पॉलिस्टायरीनच्या गुच्छांकडे तो आहे. नॅप्थॅलीनकडे आहे. सिलिका जेलच्या पृष्ठभागाकडे मात्र तो निघाला नाही: क्ष-किरणांचे विखुरण पाहणाऱ्यांना तशाच जेलचा पृष्ठभाग दोन मितींचा, म्हणजे साधाच, फक्त बारीक छिद्रांनी भरलेला, दिसला. मोठे रेणू कमी बसले ते चुरगळलेपणामुळे की नुसत्या दारांच्या रुंदीमुळे, हा वाद नीट मिटला नाही. मोजपट्टीचा प्रश्न बरोबर होता, त्या एका पदार्थासाठीचे उत्तर डळमळीत होते. असे विज्ञानात पुष्कळदा होते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: यातून कारखान्याला काय मिळाले? फार नाही, असे प्रामाणिकपणे सांगावे लागते. १९८० च्याच दशकात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नस्वामी यांच्या गटाने झिओलाइटचे उत्प्रेरक घडवले आणि ते उद्योगात गेले. झिओलाइट म्हणजे फ्रॅक्टलचे दुसरे टोक. त्याची छिद्रे स्फटिकाच्या शिस्तीत, एकाच मापाची, इंचाइंचावर आखल्यासारखी. दख्खनच्या पाषाणातल्या एकाच पोकळीत शिस्तीचा झिओलाइट आणि बेशिस्त अकीक शेजारी नांदतात, आणि उद्योगाने पहिल्याची निवड केली. कारण उघड आहे: शिस्त पुन्हा पुन्हा तशीच घडवता येते. पण कारखान्यातल्या उत्प्रेरकाचा दाणा शुद्ध झिओलाइटचा नसतो. तो बांधणीच्या द्रव्यात घट्ट केलेला असतो, वापरात त्यावर काजळी धरते, आणि रेणूंना या वाकड्या वाटांतूनच शिस्तीच्या दारापर्यंत पोचावे लागते. तिथे ढवळलेल्या भांड्याचा नियम लावणे चालत नाही, एवढे सांगायला कोपेलमन यांचा धडा पुरेसा आहे.

तिसरा आक्षेप तात्त्विक आहे आणि मला तो सर्वांत आवडतो: मिती हे वर्णन आहे, स्पष्टीकरण नव्हे. झाडाला १.७१ म्हटल्याने झाड का वाढले ते कळत नाही. हे खरे आहे, आणि म्हणूनच विटेन-सँडरचे श्रेय आकड्यासाठी नव्हे, भरकटून चिकटण्याच्या नियमासाठी आहे. आकडा तो नियम ओळखण्याची खूण. पण त्या खुणेचीही गणिताने अजून पुरती शहानिशा केलेली नाही. हॅरी केस्टन यांनी १९८७ मध्ये एवढे सिद्ध केले की अशा झाडाचा विस्तार एका मर्यादेहून वेगाने वाढू शकत नाही, म्हणजे सपाटीवर त्याची मिती दीडच्या खाली जाणार नाही. दीड आणि १.७१ यांच्यामधले अंतर संगणकाने लाखो कण चिकटवून भरून काढले आहे. कागदावरच्या सिद्धतेने ते अजून कुणी भरलेले नाही.